मित्र गेला आणि तो १७ वर्षं एकच कविता लिहीत राहिला : आल्फ्रेड टेनिसनची गोष्ट

प्रेम करणं आणि ते गमावणं याबद्दलची एक इंग्रजी ओळ तुम्ही नक्की वाचली असेल. कुणाचं ब्रेकअप झालं की ती व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर येते, इन्स्टाग्रामवर मावळत्या सूर्याच्या फोटोवर चिकटवलेली दिसते. बऱ्याचदा ती शेक्सपिअरच्या नावावर खपवली जाते.

ती ओळ शेक्सपिअरची नाही. प्रियकर-प्रेयसीशीही तिचा काही संबंध नाही. ती लिहिली आल्फ्रेड टेनिसन नावाच्या इंग्रज कवीने, आणि ज्याच्यासाठी लिहिली तो होता त्याचा कॉलेजातला मित्र. वयाच्या २२ व्या वर्षी परक्या गावात अचानक गेलेला.

या एका मृत्यूभोवती टेनिसन १७ वर्षं लिहीत राहिला. त्यातून जे पुस्तक झालं, त्याने त्याला राजकवी केलं, त्याचं रखडलेलं लग्न लावून दिलं आणि पुढे खुद्द व्हिक्टोरिया राणीला वैधव्यात आधार दिला. पण सुरुवात फार साधी होती. दोन पोरं केंब्रिजला भेटली, इतकंच.

टेनिसनचा जन्म ६ ऑगस्ट १८०९ चा, इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या सॉमर्सबी या खेड्यातला. वडील जॉर्ज टेनिसन गावच्या चर्चचे पाद्री. ऐकायला शांत, सुखी घर वाटतं, पण तसं नव्हतं. आल्फ्रेडच्या आजोबांनी मोठ्या मुलाला, म्हणजे जॉर्जला, बाजूला सारून इस्टेट धाकट्याला द्यायचं ठरवलं होतं. पाद्री होणं ही जॉर्जची आवड नव्हती, ती त्यांच्यावर आलेली वेळ होती. त्या कडवटपणातून दारू आली, दारूतून घरात आरडाओरडा आणि हाणामारी. अकरा भावंडं त्या घरात वाढत होती. त्यातला एक भाऊ एडवर्ड तरुणपणीच वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि जवळजवळ साठ वर्षांनी तिथेच वारला. आपल्याही रक्तात हे असेल का, ही धास्ती आल्फ्रेडच्या मनात कितीतरी वर्षं होती.

घरातून पळून जायचा त्याचा रस्ता म्हणजे कविता. १८२७ साली भावांबरोबर त्याने एक छोटा कवितासंग्रह काढला आणि त्याच वर्षी तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. उंच, देखणा, केस विस्कटलेले, आणि बोलायला कमालीचा बुजरा.

पुढच्या वर्षी तिथे आर्थर हॅलम आला.

आर्थर म्हणजे सगळ्या बाबतीत दुसरं टोक. लंडनच्या प्रतिष्ठित घरातला, नावाजलेले इतिहासकार हेन्री हॅलम यांचा मुलगा. ईटनच्या शाळेत शिकलेला. तिथला त्याचा जिवलग दोस्त होता विल्यम ग्लॅडस्टन, तोच जो पुढे चार वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झाला. आर्थर बोलायला लागला की मंडळी ऐकत राहायची. त्याच्या पिढीतल्या अनेकांची खात्री होती की, हा मोठा होणार. कवी होईल की मंत्री, एवढाच काय तो प्रश्न.

१८२९ साली विद्यापीठाच्या कवितास्पर्धेत दोघंही उतरले. विषय होता आफ्रिकेतलं टिंबक्टू शहर. सुवर्णपदक टेनिसनला मिळालं. हरलेला आर्थर रुसला नाही, उलट या मित्राच्या कवितेचा पहिला प्रचारक झाला. दोघंही 'अपोस्टल्स' या विद्यार्थ्यांच्या मंडळात होते. तिथे रात्र रात्र चर्चा चालायच्या. १८३० च्या उन्हाळ्यात तर दोघं स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरात गेले, स्पेनच्या राजाविरुद्ध उठलेल्या बंडखोरांना पैसे आणि निरोप पोचवायला! क्रांती काही झाली नाही, पण ते डोंगर आणि त्या दऱ्या टेनिसन जन्मभर विसरला नाही.

त्याच वर्षी टेनिसनचा स्वतंत्र संग्रह आला, तेव्हा आर्थरने त्यावर मासिकात लांबलचक लेख लिहिला. तोवर तो टेनिसनच्या घरचाही झाला होता. सॉमर्सबीला येता-जाता त्याचं आल्फ्रेडच्या बहिणीशी, एमिलीशी, प्रेम जुळलं. हेन्री हॅलम यांना हे स्थळ पसंत नव्हतं. मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत त्याने तिला भेटायचं नाही, अशी अट त्यांनी घातली. पोरांनी ती पाळली. मुदत संपली, लग्न ठरलं, पैशांची बोलणी मात्र अडलेली होती.

१८३३ चं वर्ष टेनिसनसाठी आधीच वाईट चाललं होतं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. नव्या संग्रहावर 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या वजनदार नियतकालिकात अशी काही टिंगल छापून आली की तो कोलमडून गेला. टीकेच्या बाबतीत हा माणूस फार हळवा होता, म्हातारपणीसुद्धा. अशा वेळी त्याला सावरून धरणारा माणूस एकच, आर्थर.

त्या उन्हाळ्यात आर्थर वडिलांबरोबर युरोपच्या प्रवासाला गेला. हंगेरी बघून बापलेक व्हिएन्नाला आले. आर्थरला थोडा ताप होता, पण काळजीचं काही वाटत नव्हतं. १५ सप्टेंबर १८३३ रोजी हेन्री हॅलम फिरायला बाहेर पडले. परत आले तेव्हा मुलगा पडून होता, झोपल्यासारखा. झोपू दे म्हणून ते आपल्या कामाला लागले. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की तो हलतच नाहीये. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती.

तेव्हा तारायंत्रं नव्हती. सॉमर्सबीला बातमी पोचली ती आर्थरच्या मामाच्या पत्राने, ऑक्टोबर उजाडल्यावर. म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त काळ टेनिसनच्या घरी आर्थर जिवंतच होता. पत्र आल्फ्रेडच्या हातात पडलं, आणि एमिलीला सांगायचं कामही त्याच्यावरच आलं.

पार्थिव ट्रिएस्ट बंदरातून जहाजाने इंग्लंडकडे निघालं. त्याला महिने लागले. ३ जानेवारी १८३४ रोजी सॉमरसेटमधल्या क्लीव्हडन या किनाऱ्यावरच्या गावी, आईच्या माहेरच्या चर्चमध्ये, आर्थरला पुरलं. टेनिसन तिथे नव्हता.

हेन्री हॅलम यांनी मुलाचं लिखाण गोळा करून खाजगीरीत्या छापायचं ठरवलं आणि त्यासाठी टेनिसनकडे आठवणींचा लेख मागितला. मित्रावर लिहायला त्याच्याइतका योग्य माणूस दुसरा कोण होता? पण त्याला ते जमेना. गद्यात, नीट, सुरुवात-मध्य-शेवट असं त्या माणसाबद्दल लिहिणं त्याच्याच्याने झालंच नाही. शेवटी पुस्तक त्याच्या लेखाशिवाय निघालं.

लेख जमला नाही, पण कडवी सुचत होती. बातमी आल्यापासून काही आठवड्यांतच त्याने चार-चार ओळींची कडवी लिहायला सुरुवात केली होती. एक त्या जहाजाबद्दल : समुद्रा, शांत राहा, माझा माणूस तुझ्यावरून येतो आहे, अशा भावनेचं. एक लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरच्या हॅलम कुटुंबाच्या घराबद्दल : पहाटे त्या बंद दारासमोर जाऊन उभं राहणं, जिथे पूर्वी दार वाजवण्याआधी छातीत धडधडायचं. हिशेबाच्या वहीसारखी एक लांबट, अरुंद वही होती, तिच्यात ही कडवी उतरत गेली. घरचे त्या वहीला खाटकाची वही म्हणत. छापायचा विचार नव्हता. त्यातून एक सलग कविता होईल, हेही त्याच्या मनात नव्हतं.

या कडव्यांची बांधणी बघण्यासारखी आहे, कारण अर्धी जादू तिथेच आहे. चार ओळी. दुसरीचं यमक तिसरीशी जुळतं आणि पहिलीचं थेट चौथीशी. म्हणजे होतं काय, की कडवं पहिल्या ओळीपासून पुढे सरकतं, मध्ये जरा दुसरीकडे वळतं, आणि शेवटी पुन्हा जिथून निघालं त्याच आवाजावर येऊन थांबतं. पुढचं कडवं पुन्हा निघतं, पुन्हा परत येतं. ज्याच्या घरात मृत्यू झालाय त्याला हे ओळखीचं वाटेल. माणूस कामाला लागतो, चार दिवस बरे जातात, आणि मग एखाद्या संध्याकाळी परत तिथेच. टेनिसनला वाटायचं की ही रचना आपणच शोधून काढली. खरं तर सतराव्या शतकात बेन जॉन्सन वगैरेंनी ती वापरलेली होती. पण आज इंग्रजीत तिला ओळखलं जातं ते याच कवितेच्या नावाने.

पुढची दहा वर्षं बाहेरून बघणाऱ्याला या माणसाचं काही चाललंय असं वाटलंच नसतं. नवीन पुस्तक नाही, नोकरी नाही. १८३७ मध्ये सॉमर्सबीचं घर सोडावं लागलं. एमिली सेलवूड नावाच्या मुलीशी लग्न ठरलं (बहीण एमिली, ही दुसरी एमिली, त्या काळच्या इंग्लंडमध्ये नावांची फार टंचाई असावी) आणि १८४० मध्ये मोडलं. कमाई नाही, प्रकृतीचा भरवसा नाही, आणि देवावरच्या श्रद्धेचंही काही खरं नाही, असा जावई सेलवूड घराला पसंत पडणं कठीणच होतं.

१८४२ साली दोन खंडांत कविता आल्या आणि नाव झालं. म्हातारपणी पुन्हा समुद्रावर निघणाऱ्या युलिसिसवरची प्रसिद्ध कविता त्यातलीच. तीही आर्थर गेल्यानंतर काही आठवड्यांत लिहिलेली. पण नाव झालं म्हणून पैसा आला असं नाही. होता तो पैसा टेनिसनने एका डॉक्टरच्या योजनेत घातला होता. यंत्राने लाकडावर नक्षीकाम करायचं आणि श्रीमंत व्हायचं, अशी ती योजना. आजच्या भाषेत सांगायचं तर स्टार्टअप. १८४३ मध्ये ती बुडाली आणि टेनिसनची तब्येत तिच्याबरोबर बुडाली. त्यानंतर तो जलचिकित्सेच्या केंद्रांमधून फिरत होता. ओल्या चादरी गुंडाळून घेणं, गार पाण्याच्या आंघोळी, असले उपचार. १८४५ मध्ये सरकारने वर्षाला २०० पौंडांचं पेन्शन दिलं, तेव्हा कुठे जरा श्वास मिळाला.

आणि आर्थरची वाग्दत्त वधू, बहीण एमिली? तिने १८४२ मध्ये एका नौदल अधिकाऱ्याशी लग्न केलं. लोकांनी नावं ठेवली. आठ वर्षं उलटून गेली होती, तरी तिने जन्मभर झुरत राहायला हवं होतं अशी अपेक्षा होती. भावाने त्याच माणसाचं दुःख आयुष्यभर उराशी धरलं तर तो थोर कवी, आणि बहीण त्यातून उठून संसाराला लागली तर ती कोरड्या मनाची. हा हिशेब तेव्हाही कुणाला फारसा खटकला नाही. हेन्री हॅलम मात्र मोठ्या मनाचे निघाले. होऊ न शकलेल्या सुनेला त्यांनी वर्षाला ३०० पौंड लावून दिले होते. एमिलीने आपल्या पहिल्या मुलाचं नाव आर्थर हेन्री हॅलम असं ठेवलं.

या सगळ्या काळात वही भरत होती. आणि तिच्यात फक्त मित्राची आठवण नव्हती. एक फार मोठी भीती त्यात हळूहळू शिरली होती.

१८३० च्या दशकात चार्ल्स लायल या भूगर्भशास्त्रज्ञाची पुस्तकं आली. पृथ्वी काही हजार वर्षांची नाही, तिचं वय कल्पनेपलीकडचं आहे. डोंगर झिजून समुद्रात जातात, जिथे आज शहर आहे तिथे एके काळी पाणी होतं. आणि दगडांच्या थरांमध्ये अशा प्राण्यांचे सांगाडे आहेत जे आज कुठेच नाहीत. टेनिसनने १८३७ मध्ये लायल वाचला. सर्वसामान्य ख्रिस्ती माणसाच्या मृत्यूच्या कल्पनेचा पायाच यात हलत होता. देव प्रत्येक जिवाची काळजी घेतो, गेलेला माणूस पुन्हा भेटेल, या विश्वासावर लोक आपली मुलं पुरत होते. आणि विज्ञान सांगत होतं की निसर्गाला एका जिवाचं काय, अख्ख्या जातींचंही सोयरसुतक नाही. मग आर्थर कुठे गेला? दगडातल्या हाडांसारखाच संपला का?

हे प्रश्न टेनिसनने त्या वहीत सरळ विचारले. हे लक्षात घ्यायला हवं, कारण डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' आलं १८५९ मध्ये. निसर्गाच्या निर्दयपणाबद्दलची जी प्रतिमा लोक आज डार्विनच्या नावाशी जोडतात, ती टेनिसनच्या कवितेत त्याच्या नऊ वर्षं आधी छापून झाली होती.

त्याने उत्तर दिलं का? दिलं आणि नाहीही. कवितेत तीन नाताळ येतात. पहिल्यात सगळं घर उसनं हसू आणून खेळ खेळतं आणि रडू दाबतं. दुसऱ्यात रडणं थांबलेलं असतं, आणि तेच त्याला बोचतं : दुःखही संपतं की काय? तिसरा नाताळ नव्या, परक्या घरातला. एका उन्हाळी रात्री सगळे झोपायला गेल्यावर तो बागेत एकटाच बसून आर्थरची जुनी पत्रं वाचतो आणि क्षणभर त्याला मित्र स्पर्श करून गेल्यासारखा वाटतो. लगेच शंका येते, आणि तोवर पहाट होते. कवितेचा शेवट होतो एका लग्नाने, त्याच्या दुसऱ्या एका बहिणीच्या. आरंभी जोडलेली प्रार्थना सगळ्यात शेवटी, १८४९ मध्ये लिहिलेली आहे. ती श्रद्धेने भरलेली आहे, पण ती ओलांडून आत गेलं की पानापानावर संशय भेटतो. विसाव्या शतकात टी. एस. एलियटने हेच हेरलं होतं. या कवितेतली श्रद्धा सामान्य आहे, शंका मात्र अस्सल आहे, असं त्याचं मत होतं. ते पटण्यासारखं आहे.

तर ही वही १८५० मध्ये जवळजवळ गेलीच होती! टेनिसनने लंडनमधली भाड्याची खोली सोडली आणि वही तिथल्या खाण्यापिण्याचं सामान ठेवायच्या कपाटात विसरून आला. आठवण झाल्यावर त्याने कॉव्हेंट्री पॅटमोर या तरुण कवीमित्राला पत्र लिहून ती शोधायला पाठवलं. घरमालकीण म्हणाली असं काही इथे नाही, आणि त्याला आत सोडेना. पॅटमोर तिला न जुमानता आत घुसला आणि कपाटातून वही काढून घेऊन आला. १७ वर्षांच्या कामाची एकच प्रत.

१८५० च्या मे अखेरीस मॉक्सन या प्रकाशकाने पुस्तक काढलं. नाव 'इन मेमोरियम', म्हणजे स्मरणार्थ. हे नाव एमिली सेलवूडने सुचवलं असं सांगितलं जातं. त्याखाली आर्थरच्या नावाची तीन आद्याक्षरं होती. कवीचं नाव नव्हतंच. त्यामुळे एका समीक्षकाने अंदाज बांधला की या कविता एखाद्या सैन्याधिकाऱ्याच्या विधवेने लिहिलेल्या असाव्यात! आज हे विनोदी वाटतं, पण त्या बिचाऱ्याची चूक अगदीच निराधार नव्हती. कवी स्वतःला कधी विधुराची, कधी विधवेची, कधी मागे राहिलेल्या प्रेयसीची उपमा देतो. एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाबद्दल असं लिहावं का, असा प्रश्न तेव्हा काहींना पडला. या नात्याला नेमकं काय म्हणायचं, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. टेनिसनच्या लेखी त्याला नाव देण्याची गरज नव्हती.

फार काळ नाव लपून राहिलं नाही. पुस्तक भराभर खपलं, वर्ष संपायच्या आत पुन्हा छापावं लागलं. आणि मग दहा वर्षं अडलेलं सगळं एकदम सुटलं. एमिली सेलवूडने या कविता आधीच वाचल्या होत्या. तिला भीती होती या माणसाच्या अश्रद्धेची, पण इतक्या तळमळीने शंका घेणारा माणूस नास्तिक नाही, हे तिला पटलं. पुस्तक आल्यावर काही दिवसांतच, १३ जून १८५० रोजी, दोघांचं लग्न झालं. नवरदेव ४० वर्षांचा, नवरी जवळपास ३७ ची.

लग्नानंतरच्या फिरतीत दोघं क्लीव्हडनला गेली. आर्थरला पुरल्यावर १६ वर्षांनी टेनिसन पहिल्यांदा त्याच्या थडग्यापाशी उभा राहिला, शेजारी नवी बायको. तिथे त्याला कळलं की आपल्या कवितेत चूक आहे. चांदणं मित्राच्या स्मृतिशिलेवर कसं पडत असेल, हे त्याने कल्पनेने लिहिलं होतं आणि शिला चर्चच्या वेदीजवळच्या भागात असल्याचं गृहीत धरलं होतं. ती होती बाजूच्या दालनात. पुढच्या काळात त्याने तो शब्द बदलला.

वर्डस्वर्थ त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला होता आणि राजकवीची जागा रिकामी होती. ती आधी ८५ ओलांडलेल्या सॅम्युअल रॉजर्स यांना देऊ केली गेली. त्यांनी वयामुळे नकार दिला. व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांना 'इन मेमोरियम' फार आवडलं होतं. नोव्हेंबरमध्ये टेनिसन राजकवी झाला. दरबारात जायला धड कपडे नव्हते, म्हणून रॉजर्स यांचाच दरबारी पोशाख उसना घेतला. वर्डस्वर्थही तोच पोशाख घालून गेला होता!

त्याच शरद ऋतूत हेन्री हॅलम यांचा दुसरा मुलगाही इटलीत असाच अचानक वारला, २६ व्या वर्षी. मुलगी आणि पत्नी आधीच गेल्या होत्या. जगभर ज्याच्या दुःखाचं पुस्तक वाचलं जात होतं तो कवी होता. ज्याचं घर खरोखर रिकामं झालं ते हे म्हातारे इतिहासकार. त्यांनी आर्थरच्या मृत्यूनंतर टेनिसनची त्याला आलेली पत्रं नष्ट केली होती. ती का, हे त्यांनी कुठे सांगून ठेवलं नाही.

टेनिसनच्या पहिल्या बाळाचा जन्म १८५१ च्या ईस्टरला झाला, मृतावस्थेत. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं हॅलम. मग १८५४ मध्ये दुसरा, लायोनेल. आयल ऑफ वाइट बेटावर घर झालं, पैसा आला, 'लाइट ब्रिगेड'वरची कविता सैनिकांच्या तोंडी गेली.

१४ डिसेंबर १८६१ रोजी प्रिन्स अल्बर्ट ४२ व्या वर्षी वारले. राणीने त्या दिवसापासून काळे कपडे घातले ते १९०१ मध्ये स्वतःच्या मरणापर्यंत. त्या काळच्या इंग्लंडमध्ये सुतक हा मोठा पसारा होता. विधवेने दोन-दोन वर्षं काळा पोशाख करायचा, कागदाला काळी किनार, मृताचे केस गुंफून केलेले दागिने. पण हे सगळे नियम बाहेरचे. आत काय करायचं, हे कुणी सांगत नव्हतं. राणीने 'इन मेमोरियम' हातात घेतलं. आपल्या प्रतीत तिने एका ठिकाणी विधुर शब्दाच्या जागी विधवा असा बदल केला, म्हणजे कविता तिची झाली. एप्रिल १८६२ मध्ये तिने टेनिसनला ऑस्बोर्नच्या राजवाड्यात बोलावून घेतलं. बायबलच्या खालोखाल या पुस्तकाने आपल्याला धीर दिला, असं तिने त्याला सांगितलं. दोघंही बुजरी, दोघंही हळवी. पुढची तीस वर्षं त्यांचा पत्रव्यवहार चालू राहिला.

टेनिसनला आणखी एक मरण बघायचं होतं, तेही न बघताच. धाकटा लायोनेल इंडिया ऑफिसात नोकरीला होता. १८८५ मध्ये तो व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचा पाहुणा म्हणून भारतात आला. आसामात शिकारीला गेला असताना त्याला जंगली तापाने गाठलं. महिनोन्‌महिने तो उठलाच नाही. शेवटी बोटीने मायदेशी न्यायचं ठरलं. २० एप्रिल १८८६ रोजी तांबड्या समुद्रात तो गेला. वय ३२. रात्री त्याचा देह तिथेच समुद्रात सोडला.

पन्नास वर्षांपूर्वी आर्थरला आणणाऱ्या जहाजासाठी टेनिसनने समुद्राची विनवणी केली होती आणि समुद्राने मित्राला घरी आणून दिलं होतं. मुलाच्या वेळी तेही नाही. थडगं नाही, दगड नाही. लायोनेलची काळजी घेतल्याबद्दल त्याने लॉर्ड डफरिनना उद्देशून एक कविता लिहिली. आभाराची, संयत. तिची कडवी बघितली की धक्का बसतो : दुसरी ओळ तिसरीशी, पहिली चौथीशी. इतक्या वर्षांनी तीच चाल.

१८८९ च्या ऑक्टोबरमध्ये, मोठ्या आजारातून उठल्यावर, ८० वर्षांचा टेनिसन बोटीने सोलेंटची खाडी ओलांडून आपल्या बेटावरच्या घरी चालला होता. तेवढ्या प्रवासात त्याला एक कविता सुचली. बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो; भरती असली की बोट तो न खरवडता बाहेर समुद्रात जाते. आपलं जाणं तसं व्हावं, एवढंच तिच्यात आहे. संध्याकाळी त्याने ती मुलाला, हॅलमला, दाखवली. मरणाच्या काही दिवस आधी त्याला सांगून ठेवलं की माझ्या कवितांच्या प्रत्येक आवृत्तीत ही सगळ्यात शेवटी छापायची.

६ ऑक्टोबर १८९२ च्या मध्यरात्रीनंतर ऑल्डवर्थच्या घरी तो वारला. खोलीत दिवा नव्हता, खिडकीतून चांदणं आत येत होतं. शेवटच्या दिवसांत त्याने शेक्सपिअर मागून घेतला होता, आणि त्याच्या शवपेटीत 'सिंबेलीन'ची प्रत ठेवली गेली. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये ब्राउनिंगच्या शेजारी त्याला पुरलं. ती वाळूच्या बांधाची कविता तिथे गायली गेली.

बापाचं चरित्र हॅलमने लिहिलं, १८९७ मध्ये, दोन जाड खंडांत. आपल्या खाजगी आयुष्यात लोकांनी नाक खुपसू नये असं टेनिसनला फार वाटायचं, म्हणून लिहिण्याआधी मुलाने पत्रांचे गठ्ठे चाळले आणि पुष्कळशी पत्रं जाळून टाकली. शेवटच्या कवितेबद्दलचं बापाचं सांगणं मात्र त्याने तंतोतंत पाळलं. टेनिसनच्या समग्र कवितांचं पुस्तक उघडलं तर आजही बहुतेक वेळा शेवटच्या पानावर त्याच सोळा ओळी भेटतात.